जिव्याच्या पायांची लिपी

९ मार्च १९५८, रविवार. डहाणू.

ही माझी तिसरी वही. आधीच्या दोन माझ्या बायकोने, हंसाने, सुके बोंबील बांधायला फाडल्या. तिच्या म्हणण्याप्रमाणे त्यांत बोंबलांपेक्षा जास्त वास होता. दोन्ही वेळा महिन्याभरात कंटाळून मी लिहिणं सोडलं होतं, हेही खरंच. पण आता लिहिण्यासारखं काही घडलं आहे.

गेले पंधरा दिवस तारघराच्या खिडकीशी एक वारली येऊन बसतो. नाव जिव्या. पन्नाशीचा असेल. पाडा तलासरीच्या वाटेवर, पण इथे चिकूच्या वाडीत कामाला आहे आणि आठवडाभर तिथल्याच झोपडीत राहतो. दुपारच्या सुट्टीत येतो, ओट्यावर टेकतो आणि माझी टकटक ऐकतो. मी तार पाठवत असलो की त्याची बोटं मांडीवर हलतात. मला सरळ अरेतुरे करतो. पहिल्या दिवशी राग आला. मग कळलं की ही माणसं मामलेदारालाही तूच म्हणतात. म्हटलं, मामलेदाराला चालतं तर मोतीराम तारबाबूला काय शिंगं फुटली आहेत?

परवा त्याने विचारलं, "तुझ्या टकटकीत खुणा किती?"

"दोनच. ठिपका आणि रेघ."

"दोन खुणांत सगळं बोलता येतं?"

"सगळं."

दोन दिवस त्याने हे मनात घोळवलं असावं. आज वाडीला सुट्टी, तर सकाळीच घरी आला आणि म्हणाला, "मग माझे पाय लिव."

हा जिव्या तारपा वाजवतो. वाळलेल्या भोपळ्याचं ते लांबलचक वाद्य असतं, फुंकून वाजवायचं. वाजवणारा मधे, आणि बाकीचे एकमेकांच्या कमरेत हात घालून त्याच्याभोवती साखळी धरतात. तो वळला की साखळी वळते, त्याने पाय मागे घेतला की साखळी मागे जाते. त्यांच्या पाड्यावर नवा भात घरात येतो त्या दिवशी वर्षातून एकदाच मोठा फेरा घालतात. बारा वळणांचा. कोणत्या वळणात किती पावलं, कुठे उडी, कुठे मागे, हे फक्त तारपावाल्याच्या डोक्यात. जिव्याला ते बापाकडून मिळालं.

"तुला मूल नाही?"

"एक पोर हाय, लाडकी. बाया तारपा फुंकत नाय. पुतण्या हाय लहान्या, तो फुंकतो. फेरा त्याला ठावा नाय."

"मग शिकव की त्याला."

"भात पिकल्याबिगर फेरा घालायचा नाय. तारपा पण खुंटीवरून काढायचा नाय. कणसरी रुसते." कणसरी ही त्यांची धान्याची देवी.

"मग भात पिकल्यावर शिकव. अशी घाई काय आहे?"

यावर तो हंसाने ठेवलेल्या चहाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "लिवणं म्हणजे नाचणं नाय ना?"

"नाही."

"मग लिव. एकटा माणूस चालला, त्याला फेरा नाय म्हणत."

माझ्या टकटकीने गडी भारावला आहे हे उघड आहे. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. शिवाय बापूची आठवण झाली. चिंचणीच्या समुद्रात कुठे जाळं टाकलं की काय मिळतं हे माझ्या बापाला डोळे मिटून ठाऊक होतं. सांगतो सांगतो म्हणता म्हणता गेला, आणि सगळं त्याच्याबरोबर गेलं. मी हो म्हटलं.

१६ मार्च, रविवार.

सुरूच्या बनात दुपारी दोन तास. जिव्या चालतो, तोंडाने ठेका धरतो, मी लिहितो. प्रत्येक ठोक्याला डावा पाय कुठे, उजवा कुठे, पुढे की मागे, टाच की चवडा. चाळीस पानी वही संपली आणि पहिलं वळण अर्धंही झालं नाही.

घरी आल्यावर हंसाने वही चाळली. "बारा वळणांना किती वह्या लागतील?"

मी म्हटलं, हजारेक पानं.

"मग बैलगाडी करा. लहान्या नाचेल पुढे आणि तुम्ही मागून गाडी हाका."

कशात काय नि फाटक्यात पाय. पण तिचं बरोबर आहे.

१९ मार्च.

आज तारयंत्राची कळ हाताखाली असताना सुचलं. तार करणारा माणूस समोरच्याला आधीच ठाऊक असलेलं लिहीत नाही. आज एका व्यापाऱ्याने लिहिलं, ‘माल नाही आला’. कुठला माल, किती, कोणाकडून, काही नाही. कालच्यापेक्षा जे वेगळं तेवढंच तो सांगतो.

मग पायांचं तरी वेगळं काय? माणूस दहा पावलं सरळ चालला तर दहा वेळा ‘सरळ’ कशाला लिहायचं? पाय आधीसारखेच पडताहेत तोवर काही लिहायचं नाही, नुसते ठोके मोजायचे. चाल बदलली की ठोक्यांचा आकडा आणि नव्या चालीची खूण. बस्स. मी इतका खूश झालो की पुढची तार दोनदा पाठवली आणि बोईसरच्या तारबाबूच्या शिव्या खाल्ल्या.

२३ मार्च, रविवार.

पहिलं वळण दीड पानात. जिव्याला वाचून दाखवलं, "नऊ सरळ, वळण, चार मागे, उडी". तो डोळे मिटून ऐकत होता आणि पायाचे अंगठे हलवत होता. शेवटी म्हणाला, "हां. हा मीच हाय."

एक नवी चाल मिळाली. मधेच तो थांबतो, कमरेत वाकतो, डावा हात गुडघ्यावर ठेवतो, मान खाली घालतो. दोन ठोके तसाच राहतो आणि मग डावं पाऊल पुढे टाकतो. पहिल्या वळणात हे तीनदा आलं. मी विचारलं, "हेही नाचातलंच?"

तो माझ्याकडे बघत राहिला आणि हसला. "हां. ते पण लिव."

पाहिलं की लक्षात येतं, हा धरतीला नमस्कार आहे. किती साधी आणि सुंदर गोष्ट. मी तिचं नाव ‘नमस्कार’ ठेवलं आणि पाच खुणांची लांब खूण दिली, कारण ती क्वचित येते.

६ एप्रिल, रविवार.

दुसरं आणि तिसरं वळण. नमस्कार अनुक्रमे पाच आणि सहा.

आज खुणांची नीट व्यवस्था लावली. आमच्या तारेच्या लिपीत इंग्रजी ‘ई’ला एकच ठिपका आहे, कारण ते अक्षर सर्वांत जास्त येतं. क्वचित येणाऱ्यांना लांब खुणा. ज्याने ही व्यवस्था लावली त्याला मी मनोमन गुरू मानतो. तेच मी इथे केलं. बदलून येणाऱ्या चाली आठ. कोणती किती वेळा येते ते मोजलं. ‘वळण’ सर्वांत जास्त, त्याला एक ठिपका. ‘मागे’ला रेघ-ठिपका. आणि खाली उतरत शेवटची ‘उडी’, तिला लांबलचक. एकीची खूण दुसरीच्या खुणेची सुरुवात होणार नाही एवढं पाहिलं, म्हणजे मधे जागा सोडायला नको. नमस्काराला बढती दिली, पाचावरून चारावर.

हंसा डबा घेऊन बनात आली होती. जिव्याला तिने भाकरी आणि सुकट वाढली. त्याने अर्धी भाकरी खाल्ली आणि उरलेली फडक्यात बांधली. परत येताना हंसा म्हणाली, "त्या माणसाची नखं निळी आहेत. तुमच्या वहीत नखांना खूण आहे का?"

मी म्हटलं, नाच पायांनी करतात, नखांनी नाही. ती हसली नाही. तिला वहीचा मत्सर वाटतो की काय कोण जाणे.

२० एप्रिल, रविवार.

चौथं वळण, नमस्कार नऊ. पाचवं, बारा. फेरा पुढे जातो तसतशी भक्ती वाढते आहे. रचना करणाऱ्याची काय दृष्टी असेल. नमस्काराला आता तीन खुणा, आणि जुनी पानं नव्याने उतरवली.

जिव्या आता मुद्दाम सावकाश चालून दाखवतो. मी म्हटलं, "अरे, मला वेग जमतो, तू नेहमीसारखा चाल."

"नेहमीसारखाच चालतो," तो म्हणाला. शिष्याची अब्रू राखायची तर अशी.

११ मे, रविवार.

सहावं वळण. ऊन फार. नमस्कार सतरा, वळण चौदाच. म्हणजे नमस्काराने वळणाला मागे टाकलं. नियम तो नियम. मी नमस्काराला एक ठिपका दिला आणि वळणाला रेघ-ठिपका.

जिव्या ओणवा होऊन वहीत बघत होता. "हा ठिपका कसला?"

"हा तुझा नमस्कार. आता सगळ्यांत जास्त तोच येतो, म्हणून त्याला सगळ्यांत छोटी खूण. कमी जागा, कमी वेळ."

तो हसायला लागला आणि हसता हसता त्याला ठसका लागला. सुरूच्या बुंध्याला टेकून बराच वेळ बसला. मग म्हणाला, "बरोबर हाय तुझं. छोटीच खूण बरी."

मी विचारलं, "तुझा बाप पण इतके नमस्कार घालायचा?"

"बा पण. शेवटच्या साली."

१ जून, रविवार.

सातवं वळण. नमस्कार सव्वीस. लिहिताना पेन्सिल नुसती टिकटिक चालते. तारखात्यात बावीस वर्षं झाली, पण इतकं आटोपशीर काम हातून झालं नव्हतं. सात वळणं नऊ पानांत बसली.

जिव्या उद्या पाड्यावर जातो आहे. वाडीवाल्याने महिनाभर आधीच मोकळं केलं म्हणाला. भाताची कामं निघतील तेव्हा ठीकच आहे. उरलेली पाच वळणं मी पाड्यावर येऊन लिहायची असं ठरलं. मी म्हटलं, "पाऊस संपू दे, निवांत येतो."

"पाऊस असताच ये," तो म्हणाला. पुढे म्हणाला, "बायकोला सांग, तिची सुकट चांगली होती."

२७ जुलै.

तलासरीची बस बंद आहे, ओढ्यावर पाणी. हंसाने दोनदा विचारलं जिव्याचं काही कळलं का. न कळवलं तर सगळं ठीक, हा तारखात्याचा पहिला धडा. लोक वाईट बातमीलाच तार करतात.

१७ ऑगस्ट, रविवार.

शेवटी आधी निरोप धाडून गेलो. बस उतरून कोसभर चिखल. लाडकी वाटेवर घ्यायला उभी होती. अठरा-एकोणीसची असेल, कमी बोलते. झोपडीत जिव्याची बहीण सुकी होती. म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, "हाच का तो, जो पाय लिवतो?"

जिव्या दारातल्या मेढीला टेकून बसला होता. मी आलो तेव्हा तसाच बसल्या बसल्या झोपलेला. लाडकी म्हणाली, आता असाच झोपतो. सवय असेल एकेकाची. पाय जरा सुजल्यासारखे वाटले. चिखलात लावणी केल्यावर कोणाचे सुजत नाहीत? बापूचे तर मीठ लागून फुटायचे.

"आज चालत नाय," तो म्हणाला. "बोटांनी दाखवतो."

उंबऱ्यावर त्याने उजव्या हाताची दोन बोटं उभी केली, आणि काय सांगू, ती बोटं नाचली. आठवं, नववं, दहावं, अकरावं. उड्या, मागे, वळण, सगळं लखलखीत, वेगात. मला लिहिताना दम लागला. सुकी तांदूळ निवडायचं थांबवून बघत होती. लाडकी दाराआड उभी होती आणि तिच्या तोंडावर पदर होता. नाचच असा की तिलाही हसू आवरेना असं मला वाटलं.

एक घोटाळा झाला. चारही वळणांत त्याने एकही नमस्कार घातला नाही. बोटांना गुडघा कुठे असतो म्हणा. मी त्याला आठवण केली. तो म्हणाला, "बोटं दमत नाय." विसरला हे कबूल करायची त्याची ही तऱ्हा.  परत येताना बसमध्ये हिशोब केला. सातव्यात सव्वीस होते, वाढतच चाललेत, तेव्हा पुढच्या प्रत्येकात तीस धरायला हरकत नाही. लय बघून योग्य जागी माझे मीच घातले.

बारावं वळण राहिलं. तो म्हणाला, "ते भाताबरोबर."

निघताना माझा हात धरला. त्याचा हात थंड होता. "तारवाल्या, तुझी वही पाण्यात भिजवू नको."

१६ सप्टेंबर, मंगळवार.

दुपारी खिडकीशी लाडकी उभी होती. मी तार घेत होतो, ती संपेपर्यंत लाडकी थांबली. मग म्हणाली, "बा गेला. रविवारी."

एवढ्याला ती एवढ्या लांबून आली होती, बरीच वाट पायी. मी फॉर्म चाळत राहिलो.  तिनेच पुढे सांगितलं, "बा म्हणाला, तारवाल्याला सांग. भात आला की वही घेऊन ये."

तिला घरी नेलं. हंसाने तिला जवळ बसवून जेवू घातलं. मी बाहेर ओट्यावर बसलो. भाताच्या लोंब्या अजून हिरव्या आहेत. महिनाभर, फक्त महिनाभर थांबला असता.

२८ सप्टेंबर.

वही स्वच्छ उतरवून काढली. अकरा वळणं, चौदा पानं. एकही चूक नाही, तीनदा ताडून पाहिलं. माणूस गेला, पण त्याचे पाय मी ठेवले. बापूचं जे झालं ते जिव्याचं झालं नाही. रडू येतं तेव्हा मी हे स्वतःशी म्हणतो आणि जरा बरं वाटतं.

१२ ऑक्टोबर, रविवार.

पाड्यावरून परत आलो. आज लिहवत नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार.

रजा टाकली. हंसा म्हणाली, लिहा, नाहीतर जेवणार नाही तुम्ही.

काल नवा भात घरात आला. दुपारीच पोचलो. अंगण सारवलेलं, देवाला नवा तांदूळ वाहून झालेला. लहान्याने खुंटीवरून जिव्याचा तारपा काढला. पंचविशीचा उंच पोरगा. तारपा हातात घेऊन माझ्या शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "तू बोल, मी वळतो." वीस-बावीस बायका-पुरुषांनी साखळी धरली. लाडकी तिसरी होती.

मी वही उघडली. "नऊ सरळ." तारपा घुमला आणि साखळी चालू लागली. "वळण. चार मागे. उडी." काय सांगू, चालू लागलं. दुसऱ्या टोकाची म्हातारी माणसं माना डोलवायला लागली. हे तेच आहे हे त्यांच्या पायांना कळत होतं. माझ्या अंगावर काटा आला.

मग पहिला ठिपका आला. मी ओरडलो, "नमस्कार. वाका, डावा हात गुडघ्यावर."

साखळी अडखळली. कोणी वाकलं, कोणी तसंच पुढे गेलं, दोघं एकमेकांवर आदळली. लहान पोरं हसली. सुकी म्हणाली, "अरे, हात दुसऱ्याच्या कमरेत हाय. गुडघ्यावर कसा जाईल?"

हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. सहा महिने मी एकट्या माणसाचे पाय लिहीत होतो. पण मी अडून बसलो. म्हटलं, "असंच आहे. जिव्यानेच लिहायला सांगितलं. परत पहिल्यापासून."

परत सुरू. दुसऱ्यांदा हात सोडून वाकले. तिसऱ्यांदाही वाकले. मग दुसरं वळण, पाच वेळा. तारपा दर वेळी तुटत होता. लहान्याच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण फुंकत राहिला, काकाची आज्ञा म्हणून. तिसऱ्या वळणातल्या दुसऱ्या ठिपक्याला लाडकी साखळीतून बाहेर आली.

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. चिडलेली नव्हती. तिने चार पावलं टाकली, थांबली, कमरेत वाकली, डावा हात गुडघ्यावर ठेवला, मान खाली घातली. दोन श्वास. मग डावं पाऊल पुढे. हुबेहूब जिव्या.

"हेच ना?"

"हेच."

"हे नाच नाय, तारवाल्या. हा बा दमला."

तारपा थांबला होता. सगळे बघत होते.

"मी हंडा घेऊन पुढे चालायची," ती म्हणाली, "तो मागून येताना असा थांबायचा. शिमग्यात थोडा. पावसात दर दहा पावलांना. छातीत दाटायचं. कोणाला सांगू देत नव्हता. वाडीवाला काढेल, आणि फेऱ्याला तारपा फुंकू देणार नाय म्हणून." मग तिने वहीतलं पान बोटाने दाबलं. "हे सगळे ठिपके तेच?"

मी मान हलवली.

"एवढ्या वेळा लिवलंस. तुला दिसला व्हता ना."

तिने हे आरोप म्हणून विचारलं नाही. खरंच विचारत होती. 

मला दिसलं होतं. तीन, पाच, सहा, नऊ, बारा, सतरा, सव्वीस. कोणाही कंपाउंडरला हे आकडे दाखवले असते तर तो ताडकन उठला असता. सुरूचं बन आणि दवाखाना यांत चालत जायला चार मिनिटं लागतात, मी नेहमी त्याच्यावरूनच घरी आलो. मी मोजत होतो. माणूस माझ्यासमोर मरत होता आणि मी त्याच्या मरणाला कमीत कमी जागा कशी लागेल ते बघत होतो. पाच खुणांवरून चार, चारांवरून तीन, मग एक ठिपका. त्याला विचारलंसुद्धा नाही. त्याने ‘बा पण, शेवटच्या साली’ म्हणून सांगितलं, तेही मी याच रोजनिशीत स्वच्छ अक्षरात लिहून ठेवलं आहे. आणि वर माझ्या पदरचे घातले. अठ्ठ्याहत्तर त्याचे, एकशेवीस माझे.

सुकी जवळ आली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "बस. पाणी पी."

मी अंगणाच्या कडेला बसलो आणि पेन्सिलीने एकेक ठिपका खोडायला लागलो.  लाडकी शेजारी बसून बघत राहिली. कोणी घाई केली नाही. एकशे अठ्ठ्याण्णव खोडायला अर्धा तास लागला असेल. मग मी उठून उभा राहिलो.

तिसऱ्यांदा पहिल्यापासून. या वेळी साखळी तुटली नाही. पहिलं, दुसरं, तिसरं. लहान्याचा तारपा एकदा जो लागला तो लागलाच. सातव्यानंतर मला ओरडावं लागेना, मी नुसता पुटपुटायचो आणि तो वळायचा. दिवस कलला. अकराव्यात जिव्याच्या बोटांची ती उड्यांची लड आली, आणि वीस जणांनी ती एकदम घेतली तेव्हा धूळ गुडघ्यापर्यंत उडाली. जिव्या तो होता. मोकळ्या छातीचा, दम न लागणारा. असा मी त्याला पायांवर कधीच पाहिला नाही.

अकरावं संपलं. पुढचं पान कोरं. मी लहान्याकडे बघितलं आणि मान हलवली. त्याने तारपा तोंडावरून काढला. साखळी जागच्या जागी उभी. सगळी माणसं मी काय बोलतो त्याची वाट बघत होती आणि माझ्याकडे काही नव्हतं.

लाडकीने शेजारणींच्या कमरेतले हात काढून घेतले. वाकली, डावा हात गुडघ्यावर, मान खाली. तशीच राहिली. मग सुकीने केलं, तिला वाकायला वेळ लागला. मग एकेक करून सगळे. लहान्या तारपा पोटाशी धरून वाकला. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. मघाशी हसणारी पोरंही वाकली. दोन श्वास झाले, चार झाले. मी पण वाकलो. गुडघ्यावर हात टेकला की छातीला खरंच जरा आराम मिळतो, हे मला तेव्हा कळलं.

मग लाडकीने डावं पाऊल पुढे टाकलं, आणि सगळ्यांनी टाकलं.

वही तिथेच लहान्याजवळ ठेवून आलो. त्याला वाचता येत नाही. आता दर रविवारी जाणार आहे, त्याच्या पायांत सगळं उतरेपर्यंत. निघताना लाडकी म्हणाली, "बारावं पण लिव. नायतर पुढच्या साली लोक विसरतील."

मी कोऱ्या पानावर बाराचा आकडा घातला आणि त्याच्यापुढे एक ठिपका दिला.